थर्ड पार्टी म्हणजे कोण

जामखेड
१२ जानेवारी २०२५

चि. बिभीषण,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. चुलीत घालू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस. स्नेहलला केला तर ती बिचारी "आत्या, अप्पा बाजारात हायेत" एवढंच म्हणते. म्हणून शेवटी कागद घेतला. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेली, माझी लिहायची खोड काही आता जायची नाही.

बातमी अशी, की मी गाडी घेतली. पांढरी, आठ वर्षांची, कर्जतच्या एका निवृत्त ग्रामसेवकाकडची. निवृत्त होऊन वर्ष झालं, घरात बसून किती वेळा तोच पंखा पुसायचा? मोटार ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. बरोबरची सगळी अठरा-वीसची, आणि मी एकोणसाठची, पाठीमागे उशी लावून. शिकवणारा म्हणाला, "मावशी, क्लच हळू सोडा." मी म्हटलं, मावशी नको, बाई म्हण. आयुष्यात पहिल्यांदाच स्टेअरिंगला हात लावत होते, पण तीन आठवड्यांत बीड रोडने सौताड्यापर्यंत जाऊन आले. मागच्या महिन्यात पक्का परवाना आला. फोटोत मी फार रागीट दिसते.

पण मला गाडीचं सांगायचं नाही. विम्याचं सांगायचंय.

बसस्टँडच्या मागे निकिताचं विम्याचं ऑफिस आहे. निकिता माझ्या चौथीच्या वर्गात होती, आता पस्तिशीची आहे, दोन लेकरांची आई. तिच्याकडे गेले तेव्हा वाटलं होतं, पैसे द्यायचे, कागद घ्यायचा, दहा मिनिटांत घरी. ती म्हणाली, "बाई, कोणता विमा पाहिजे?"

मी म्हटलं, "कोणता म्हणजे? पोलिसाने अडवलं तर दाखवायचा तो."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बाई, प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं तर तुम्ही आमच्या हातावर पट्टी मारायच्या. आता तुम्ही बसा."

मग मी बसले, आणि अडीच तास उठले नाही. बिभीषण, मला नवीन पुस्तक हातात आल्यावर व्हायचं तसं झालं. जुनी गाडी घेतली की चौदा दिवसांच्या आत विमासुद्धा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, नाहीतर आपल्याच गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करते. ग्रामसेवकाने कधी क्लेम केला नव्हता, त्याची सवलत त्याच्या नावाची, ती त्याच्याबरोबर गेली. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, तर तो भाग ओन डॅमेजचा. गाडीची किंमत कागदावर मुद्दाम कमी लावून हप्ता वाचवणारे असतात, आणि चोरी झाली की तेवढीच कमी किंमत हातात येते. बंपर फुटला तर प्लॅस्टिकची झीज धरून निम्मेच पैसे देतात, पण थोडे जास्त भरून झिरो डेप्रिसिएशन घेतलं तर झीज कापत नाहीत. गाडी चालवणाऱ्या मालकाच्या जिवाचा विमा वेगळा. माझ्या वहीची तीन पानं भरली. निकिताची मदतनीस बाई दोनदा चहा ठेवून गेली.

आणि या सगळ्याच्या आधी, कायद्याने घ्यावाच लागतो तो थर्ड पार्टी. इतकी वर्षं हा शब्द कानावर होता. मी विचारलं, "थर्ड पार्टी म्हणजे कोण?"

निकिता म्हणाली, "पहिल्या तुम्ही, दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे ज्याने कुठंच सही केलेली नसते तो. रस्त्यानं चाललेला माणूस. तुमच्या गाडीनं त्याला काही झालं, तर त्याची भरपाई कंपनी देते. हा विमा तुमच्यासाठी नसतोच, बाई. त्याच्यासाठी असतो."

मी म्हटलं, "आणि तो माणूस गाडीवाल्याचा नातेवाईक असला तर? सख्खा भाऊ असला तर?"

"रस्त्यावर उभा असला ना? मग तो तिसराच."

त्यानंतर तिने काय काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी पाणी मागितलं आणि घरी आले. माळ्यावर तुझ्या दाजींच्या कागदांच्या दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. उद्या उजाडलं की काढते.

तुझी
आक्का


जामखेड
१६ जानेवारी २०२५

चि. बिभीषण,

सापडला. दुसऱ्या पेटीत, खताच्या बिलांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आपल्या जीपचा विमा. ३ जून २०१४ पासून २ जून २०१५ पर्यंत. फक्त थर्ड पार्टी, बाकी काही नाही. तुझे दाजी म्हणायचे, हा नुसता पोलिसाला दाखवायचा कागद, याच्यातून आपल्याला कवडी मिळत नाही. खरंच होतं ते. आपल्याला मिळत नव्हती. तुला मिळत होती.

मी तो कागद घेऊन धावत निकिताकडे गेले, चप्पल बदलायची राहिली. तिने तारीख बघितली आणि म्हणाली, "बाई, त्या दिवशी विमा चालू होता." मग तिला सगळं सांगावं लागलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, दहा वर्षांत मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुला माहीत आहे ते सगळं, तरी एकदा लिहिते, कारण ते कुठंच लिहिलेलं नाही.

२० ऑक्टोबर २०१४. दिवाळी तीन दिवसांवर. तू आणि छबू दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणार होतात, टोळी ठरली होती. तू मला सीताफळं द्यायला आलास. दाजींच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला जीप उभी होती. तू पाटी घेऊन जीपच्या मागून येत होतास, आणि जीप मागे आली. तू जीप आणि विजेच्या खांबाच्या मध्ये सापडलास. मांडीचं हाड आणि गुडघा.

दवाखान्याच्या दारात मी तुझा हात धरून म्हटलं, "बिभीषण, बैलगाडीवरून पडलो म्हण. पोलीस केस झाली तर आमचं घर बसेल." तू वेदनेने दात खात होतास, आणि तू मान हलवलीस. डॉक्टरांनी तेच लिहिलं. ऑपरेशनचा खर्च दाजींनी केला. पण पाय वाकायचा तो वाकलाच नाही. कोयता सुटला. छबू एकटीने कुणाबरोबर तोडणार, तोडीला जोडी लागते. वर्षभराने तू दुकानात आलास आणि म्हणालास, "दाजी, पायाचं दुसरं ऑपरेशन सांगितलंय." दाजी म्हणाले, "मी माझं केलं. अजून किती दिवस?" मी आतल्या दाराशी उभी होते. मी काही बोलले नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि गेलास. नंतर कळलं, तू छबूच्या माहेरी काष्टीला गेलास आणि बाजारात गुरांचे कासरे, दावी, वेसणी विकायला बसतोस.

आता ऐक. त्या दिवशी आम्ही खरं बोललो असतो, तर तुझी भरपाई कंपनीने दिली असती. आमच्या घरातून एक रुपया जायचा नव्हता. पायाची, सुटलेल्या कामाची, पुढच्या औषधांची, सगळ्याची भरपाई. आम्ही ज्याला घाबरून तुला गप्प केलं, त्याच्यासाठीच तर तो कागद पेटीत होता.

आणि निकिता म्हणते, अजूनही होऊ शकतं. तेव्हाच्या अपघातांचे दावे आजही दाखल होतात, वकील बघावा लागेल. गाडीचे मालक दाजी, ते चार वर्षांपूर्वी गेले, म्हणजे त्यांची वारस म्हणून दावा माझ्यावर येणार. तर बिभीषण, माझ्यावर केस कर. लवकर कर. मी हे लिहिताना खुर्चीवर बसलेली नाही, उभ्याने ओट्यावर कागद ठेवून लिहितेय.

तुझी
आक्का


जामखेड
१० फेब्रुवारी २०२५

चि. बिभीषण,

स्नेहलचा फोन आला होता. "आत्या, अप्पा म्हणले, पत्रं पाठवू नका." मी विचारलं, वाचली का? ती म्हणाली, "दोनदा वाचली. मंग डब्यात ठिवली." डब्यात ठेवली म्हणजे मी अजून लिहू शकते, असा मी अर्थ घेतला.

काल नगरला वकिलांकडे जाऊन आले. अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागली नाही. मीच गाडी चालवली, निकिता शेजारी. आष्टीच्या पुढे एका ट्रकने मला असा हॉर्न दिला, की निकिताने डोळे मिटले. पण पोहोचलो.

वकील राधाकृष्ण म्हणून आहेत, साठीचे, अपघाताचेच दावे चालवतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्ही भावाच्या बाजूने आलात की स्वतःच्या?"

"भावाच्या."

"दावा तर तुमच्यावर होणार."

"हो. तो कसा लावायचा तेच विचारायला आले."

ते म्हणाले, तीस वर्षांत असा अशील आला नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. दावा त्यांनी घेतला तर ते तुझे वकील होतील, माझे नाही, आणि वकीलपत्रावर सही तुझी लागेल. त्या सालच्या अपघाताला मुदतीची अडचण येऊ नये, असं ते कोर्टात मांडतील. खरी अडचण पुराव्याची आहे. पोलिसांत नोंद नाही, दवाखान्याचा कागद बैलगाडी म्हणतो. बघणारी जिवंत अशी एकटी मी. म्हणजे सगळं माझ्या साक्षीवर.

त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, मी सगळी उत्तरं दिली. ते म्हणाले, दाजींचा परवाना पक्का होता, विमा चालू होता, केस बसते. येताना मी आणि निकिताने कड्याला थांबून भेळ खाल्ली. मला इतकी भूक लागली होती.

बिभीषण, सही कर. तुझ्या डाव्या पायासाठी नको, स्नेहलसाठी कर.

तुझी
आक्का


जामखेड
१४ फेब्रुवारी २०२५

बिभीषण,

मागच्या पत्रात मी लिहिलं, सगळी उत्तरं दिली. दिली, पण एक खोटं दिलं. पहिल्या पत्रातही एक खोटं आहे. आयुष्यात पहिल्यांदा स्टेअरिंगला हात लावला असं लिहिलं होतं, ते.

त्या दिवशी जीप दाजी चालवत नव्हते. मी चालवत होते.

मला चालवायची हौस होती. एप्रिलमध्ये शिकाऊ परवाना काढला होता. दाजी शेजारी बसून शिकवायचे, संध्याकाळी, दुकानासमोरून पुढच्या वळणापर्यंत. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, मागे घे. मी आरशात बघितलंच नाही. मला आवाज आला, तो एखाद्या पाटीचा असेल असं वाटलं.

दाजी उतरून तुझ्याकडे धावले आणि परत येऊन मला म्हणाले, "तू आत जा. गाडीवर मी होतो." शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. माझा ९ ऑक्टोबरला संपला होता. अकरा दिवस होऊन गेले होते. ते म्हणाले, कळलं तर तुला शाळेतून निलंबित करतील. मी आत गेले. तुला दवाखान्यात नेताना बाहेर आले तेव्हा मी दुकानातून धावत आलेली बहीण होते.

तू दहा वर्षं त्यांना शिव्या घातल्यास. ते गेले तेव्हा तू मातीला आला नाहीस, आणि गावात सगळे म्हणाले, बिभीषणाचा राग बरोबरच आहे. मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी मरेपर्यंत एकदाही, घरातसुद्धा, "तुझ्यामुळे" असं म्हटलं नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी ते तुला तोडून बोलले, ते चुकलं त्यांचं. पण त्यांच्या वाट्याचं तेवढंच.

वकिलांना काल फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आधीचंच राहू द्या. गाडीवर ते होते म्हटलं तर सगळं सरळ आहे, ते गेलेले आहेत, त्यांना काही होणार नाही. तुम्ही होता म्हटलं, तर कंपनी परवान्यावर बोट ठेवणार. बहुतेक कोर्ट म्हणेल, जखमीला कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ती बाईकडून वसूल करावी. तुमची पेन्शन आहे, घर आहे. विचार करा."

मी म्हटलं, विचार दहा वर्षं झाला.

विचित्र वाटेल, पण फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. तू तिसरा आहेस, तुला मिळायचं ते मिळेल. ते माझ्याकडून वसूल झालं तर होऊ दे. माझ्याकडून ते कुणी आजवर मागितलंच नव्हतं.

आता डब्यात ठेव, नाहीतर चुलीत घाल.

आक्का


जामखेड
७ एप्रिल २०२५

चि. बिभीषण,

काल मी न सांगता काष्टीला आले, त्याबद्दल माफ कर. सात आठवडे वाट बघितली. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

पहाटे निघाले. खिडक्या उघड्या ठेवून सगळा रस्ता मी मोठमोठ्याने बोलत होते, तुला काय सांगायचं त्याची उजळणी. श्रीगोंद्याच्या अलीकडे एका शेळ्यांच्या कळपासाठी पंधरा मिनिटं थांबले, त्या मेंढपाळालाही थोडं ऐकवलं असेल.

आणि तुझ्या दारात उभी राहून नुसती कडी वाजवली. छबू म्हणाली, "या आक्का," आणि पदराने बाज पुसली. दहा वर्षांनी तिने मला बाजेवर बसवलं, इतकं सहज, की मी रडायलाच लागले. तू आतून आलास. पाय बाजूला फिरवून टाकत चालतोस. पत्रात "पाय वाकत नाही" लिहिणं सोपं आहे. ते बघितल्यावर मी तुझ्याकडे बघू शकले नाही.

तू म्हणालास, "गाडी तू हाकत हुतीस?"

"हो."

"दाजी न्हाई?"

"नाही."

तू खांबाला टेकून उभा राहिलास. मला वाटलं होतं तू ओरडशील, गाडीवर दगड घालशील. तू म्हणालास, "पायाचं जाऊ दे. पायाचं मला आता काय वाटत न्हाई, मी बसून धंदा करतो. पर दाजीच्या मयताला मी आलो न्हाई. छबू म्हणत हुती, चला. मी म्हणलो, त्या मानसाचं तोंड बघायचं न्हाई. त्याला कोन भरपाई देनार, आक्का?"

त्याला विमा नाही, बिभीषण.

छबूने मध्येच विचारलं, "आक्का, तुमी खरं सांगितलं तर तुमचं घर जाईल का?" मी म्हटलं, पेन्शनमधून कापून घेतील, घर नाही जायचं. खरं तर मला नक्की माहीत नाही. आता खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते, मला माहीत नाही.

तू सही केली नाहीस. वकीलपत्राचा कागद मी बाजेवर ठेवून आले. तू गाडीपर्यंत सोडायला आला नाहीस, पण स्नेहल आली आणि काचेतून वाकून म्हणाली, "आत्या, तुमी एकट्या चालवत आलात व्हय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला बी शिकायची हाय." मी तिला सांगितलं, आधी शिकाऊ परवाना काढ, आणि त्याची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिही.

तुझी
आक्का


जामखेड
२७ जून २०२५

चि. बिभीषण,

आज कोर्टाचा माणूस आला. शेजारच्या बाई दारात आल्या आणि घाबरून विचारलं, "काय झालं हो बाई?" मी म्हटलं, माझ्या भावाने माझ्यावर केस केली. बोलताना मी हसत होते, त्यामुळे त्यांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

मी समन्स हातात घेतलं. वर तुझं नाव, अर्जदार. खाली माझं, सामनेवाली क्रमांक एक. क्रमांक दोन कंपनी. शेवटच्या पानावर तुझी सही आहे, अजून तशीच, "बिभी" काढून मग थांबून "षण" लिहिल्यासारखी. तू सातवीत शाळा सोडलीस तेव्हा मी जामखेडला वसतिगृहात होते आणि तू आईदादांबरोबर ऊसतोडीला. आपल्या दोघांत शिकायची पाळी मला मिळाली, हे मी कधी मोठ्याने म्हटलं नाही. आज म्हणते.

मी वकील लावणार नाही. वकील राधाकृष्णांनी बजावलं आहे की ते तुझे आहेत, तर मी स्वतःचा बघावा. मी म्हटलं, मला बचावच करायचा नाही, वकील काय करू? जे घडलं ते दोन पानांत लिहून देणार आहे. चार वेळा लिहिलं, चारही वेळा जास्त झालं. शेवटी फक्त तीन वाक्यं ठेवली. "त्या वेळी वाहन मी चालवत होते. माझ्या शिकाऊ परवान्याची मुदत संपलेली होती. अर्जदाराची कोणतीही चूक नव्हती."

तुझी
आक्का


जामखेड
३० ऑगस्ट २०२५

चि. बिभीषण,

तू परवा इथून गेलास, आणि आज पत्र म्हणजे जरा जास्तच होतंय. पण एक गोष्ट तुला तोंडावर सांगता आली नाही.

आधी कोर्टाचं. मी तिथे इतकी कशी बोलले, मलाच कळलं नाही. रात्रभर पाठ केलं होतं, आणि पिंजऱ्यात उभी राहिल्यावर काही पाठ करायची गरजच पडली नाही. कंपनीचे वकील माझ्यापुढे दवाखान्याचा कागद नाचवत म्हणाले, "यात बैलगाडीवरून पडल्याचं लिहिलंय."

मी म्हटलं, "ते मीच सांगायला लावलं."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात. आज खरं बोलता कशावरून?"

"तेव्हा खोटं बोलून माझी नोकरी वाचली. आज खरं बोलून माझं काय वाचणार आहे, ते तुम्ही सांगा."

न्यायाधीशांनी वर बघितलं. मग त्या वकिलांनी तुला विचारलं, "सामनेवाली तुमची सख्खी बहीण ना? मग हे दोघांनी मिळून ठरवलेलं नाही कशावरून?" आणि तू म्हणालास, "साहेब, दहा वर्सं आमी बोलत न्हवतो. ठरवनार कवा?" मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी तुझ्याकडे बघत होते.

निकाल कसा लागेल मला माहीत नाही. वकील राधाकृष्ण बाहेर आल्यावर म्हणाले, "मी आशा दाखवणार नाही, पण कंपनीच्या वकिलाने तडजोडीचं विचारलंय. आतापर्यंत विचारलं नव्हतं." त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं, आणि मी इतक्या मोठ्याने "काय?" म्हटलं, की पायऱ्यांवरचे सगळे वळले. कंपनी नंतर माझ्याकडे वसुलीला आली तर येऊ दे. मी निकिताबरोबर बसून हिशेब घातलाय, मला जमतंय.

नंतर तू गाडीशी आलास. मी दार उघडलं, आणि तू काठी धरून बाहेरच उभा. म्हणालास, "आक्का, आत बसनाऱ्याला इमा हाय का?"

आहे. तोही घेतलाय. पण तेव्हा मी नुसती मान हलवली. तू हसलास. तुझा वरचा दात पडलाय, ते मला तेव्हा दिसलं.

मला वाटलं तुला काष्टीला सोडायचं. दौंडच्या रस्त्याला वळणार, तेवढ्यात तू म्हणालास, "तिकडं नगं. जामखेडला घे." मी विचारलं नाही का ते. आष्टीपर्यंत आपण दोघंही बोललो नाही. मग तू मला म्हणालास, "लई हळू चालवतीस," आणि मी म्हटलं, "हळूच चालवणार," आणि मग आपण घरापर्यंत बोलतच होतो.

आता ती गोष्ट. घरी आल्यावर मी चहा टाकायला आत गेले. तू बाहेरच्या खोलीत दाजींच्या फोटोपुढे उभा राहिलास. तुला वाटलं मी आत आहे, पातेल्याचा आवाज येतोय, म्हणजे ऐकू जात नाही. मी गॅस बंद केला होता. मी दाराशी होते.

तू त्यांना म्हणालास, "दाजी, मी लई शिव्या दिल्या तुमाला. तुमी एकदा तरी सांगायचं हुतं."

मग मी आत जाऊन गॅस पुन्हा लावला आणि काही ऐकलं नाही असं दाखवलं. चहाबरोबर बिस्किटं दिली. ते खोटं वागणं झालं, आणि आता तेवढंही ठेवायचं नाही म्हणून हे पत्र.

मी ऐकलं, बिभीषण. आणि ते सांगणार नव्हते. सांगायचं मला होतं.

तुझी
आक्का